सिंधूच्या वाटचा रविवार

जळगावच्या बसस्टँडवर धुळ्याच्या गाडीपाशी मी कॅमेऱ्याचं चार्जर हातात घेऊन उभा होतो, तेव्हा फोन आला. कंडक्टर ओळखीचा नव्हता, पण माणूस बरा दिसला. त्याला सांगत होतो की धुळ्याला आमचे जावई स्टँडवर येतील, एवढं चार्जर त्यांच्या हातात द्या. सिंधू, म्हणजे माझी बायको, लेकीकडे कानबाईसाठी गेली होती. कानबाई ही आमच्या खानदेशची देवी. श्रावणातल्या एका रविवारी घरोघरी बसवतात, प्रसादाचे रोट करतात, आणि सोमवारी नाचत-गात नदीवर पोचवतात. सिंधूनं साडी घेतली, औषधं घेतली, कॅमेरा घेतला आणि चार्जर खुंटीवर ठेवून गेली. आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला. ती मूळची धुळ्याकडची, बोलायची अहिराणीच. "चार्जर घरच ऱ्हायी गयं. सकायनी गाडीवर धाडी द्या. उद्या कानबाई बसाडतीन आनि मी काय नुसती देखत बसू?" मी म्हणालो, "देवाला गेलीस का शूटिंगला?" ती म्हणाली, "इसरू नका म्हंजे झायं," आणि फोन ठेवला. आमचं शेवटचं बोलणं हे असं चार्जरचं. लोक विचारतात, शेवटी काय म्हणाल्या हो अक्का? मी खरं सांगतो, तर त्यांना ते कमी वाटतं. मला नाही वाटत.

फोन जावयांचा होता. "आबा, तुम्ही या." मी म्हणालो, "मी कशाला? चार्जर देतोय ना गाडीवर." ते म्हणाले, "चार्जर राहू द्या आबा... तुम्ही या." जावई आमचे बोलके आहेत, एका वाक्यात थांबणारे नाहीत. ते थांबले तिथंच मला कळलं. कंडक्टरनं हात पुढं केला, "काका, द्या ते चार्जर." मी म्हणालो, "आता मीच येतो." चार्जर खिशात टाकलं आणि गाडीत बसलो. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, पारोळ्याला लोक उतरून चहा पिऊन आले, मी जागचा हललो नाही. धुळ्याला लेकीच्या घरी परातीत रोटांचं पीठ तसंच झाकून ठेवलेलं, देवीसाठी पुसून ठेवलेला पाट कोपऱ्यात उभा केलेला, आणि गल्लीतल्या बाया भिंतीला टेकून बसलेल्या. पहाटे उठून सिंधूनं अंघोळ केली, केस पुसता पुसता खाली बसली आणि बसलीच. डॉक्टर म्हणाले, हृदय. कॅमेरा खिडकीच्या फळीवर होता. स्मशानातून आलो, लेकीनं, अलकानं, माझा सदरा धुवायला घेतला तेव्हा खिशातून चार्जर निघालं. तोवर रडली नव्हती ती. चार्जर हातात धरून रडली.

दुसऱ्या दिवशी पेपरात निधनाची बातमी द्यायची म्हणून फोटो मागितला. आता बघा, आम्ही नवरा-बायको जळगावच्या कॅमेरा क्लबचे जुने मेंबर. फोटो घरात इतके की कपाटाचं दार लागत नाही. सिंधूचे माझ्याकडे ढीगभर. पण सगळे पाठमोरे, नाहीतर बाजूचे. तांदूळ निवडताना, दोरीवर कपडे टाकताना, बसच्या खिडकीतून बाहेर बघताना. समोरून एक नाही. शेवटी आधार कार्डावरचा दिला. त्या फोटोत ती कोणावर तरी चिडल्यासारखी दिसते. अलका म्हणाली, "आबा, एवढे फोटो काढले, आईचं तोंड नाही काढलं कधी?" याचं उत्तर सांगायचं तर आमचं भांडण सांगावं लागेल. ते लांबलचक आहे.

मी यावल तालुक्यातला, शिक्षण सातवी. जळगावला एका जिनिंगमध्ये फिटर म्हणून आयुष्य गेलं. कापसाच्या धुळीत डोळे अर्धे मिटून काम करायची सवय. सिंधू चौथी शिकलेली. लग्न होऊन आली तशी ती अहिराणी बोलायची आणि मी माझ्या यावलकडचं. घरात दोन बोली. एरवी एकमेकांचे शब्द उचलायचो, पण भांडण झालं की ज्यानं त्यानं आपापल्या मुलखात जायचं. रिटायर झालो, घरात बसून मी तिच्या डब्यांची झाकणं दुरुस्त करायला लागलो, जी बिघडलेलीच नव्हती. तेव्हा जावयांनी नवा कॅमेरा घेतला आणि जुना आम्हाला दिला. "आबांना काहीतरी खटपट पाहिजे," असं म्हणून दिला. मी त्यातली बटणं समजून घेतली. सिंधूनं बटणं समजून घेतली नाहीत. तिनं कॅमेरा उचलला, अंगणात आलेल्या भंगारवाल्याला म्हणाली, "भाऊ, तुना फोटो काढू का?" तो म्हणाला, "काढ ना माय, पन भंगार कितलं देतीस?" आणि हिनं तेव्हाच बटण दाबलं. तो तिचा पहिला फोटो. भंगारवाल्याचं तोंड उघडं, एक हात तराजूवर.

फोटो छापून घ्यायला म्हणून स्टुडिओत गेलो, आणि त्या स्टुडिओवाल्यानं क्लबचं सांगितलं. महिन्यातून एकदा एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात जमायचे. वर्गाचे पडदे ओढून भिंतीवर एकेकाचे फोटो दाखवायचे, मग चर्चा. अध्यक्ष देव सर, ड्रॉइंगचे मास्तर. डॉक्टर, वकील, बँकेतले साहेब, दोन-तीन तरुण पोरी मोठ्या लेन्सवाल्या. आम्ही मागच्या बाकावर बसलो. भिंतीवर एका म्हाताऱ्याचा फोटो आला, सुरकुत्या अशा की नांगरलेलं वावर. सगळे म्हणाले वा, उजेड काय, काळोख काय. सिंधू मागून म्हणाली, "या बाबानं नाव काय शे?" ज्यांनी काढला होता ते डॉक्टर म्हणाले, "नाव... नाही विचारलं अक्का." पुढचा फोटो आला, बकऱ्या घेऊन निघालेली बाई. पुन्हा मागून, "इन्हं नाव काय?" मी तिला कोपर मारलं. ती मोठ्यानं म्हणाली, "कोपर काय मारतस? नावच इचारं ना मी, कर्ज थोडी मांगी ऱ्हायनू?" सगळा वर्ग हसला. तेव्हापासून ती क्लबची अक्का आणि मी आबा. काहींना तिच्या त्या विचारण्याचा वैताग यायचा, खोटं कशाला बोलू. डॉक्टरांनी तर युक्ती काढली होती. त्यांच्या फोटोतला म्हातारा आला की सिंधूनं तोंड उघडायच्या आत ते सांगायचे, "सखाराम!" दर महिन्याला सखाराम. एकदा सिंधू म्हणाली, "डॉक्टर, यो सखाराम मागला महिनामा काया व्हता, आते गोरा झाया. तुमनं औषध माले बी द्या." डॉक्टर सगळ्यात जास्त हसले. धुळ्याला दहाव्याला आले होते ते, गाडी काढून, एकटे.

आता भांडण. कॅमेरा एकच. म्हणून आम्ही रविवार वाटून घेतले. एक रविवार तिचा, पुढचा माझा. जायचं दोघांनीही, पण ज्याचा रविवार त्याच्या हातात कॅमेरा, दुसऱ्यानं पिशवी धरायची. पिशवीत पाण्याची बाटली, दशम्या, छत्री, आणि पुसायचं फडकं. माझं म्हणणं, माणसाला सांगून फोटो काढला की फोटो मेला. तो लगेच केस सारखे करतो, पोट आत घेतो, चेहरा पास काढायला आल्यासारखा करतो. म्हणून मी गुपचूप काढायचो. जिनिंगमध्ये सुद्धा मशीन चालू असताना लांबून ऐकायचं, हात लावला की आवाज बदलतो. सिंधूला हे मुळीच मान्य नव्हतं. "कोनबी मानूसनं तोंड इचारा बिगर लेवानं नही," ती म्हणायची. "तुम्ही चोर शेतस." ती प्रत्येकाला विचारायची, काढू का? आणि समोरचा उत्तर देत असतानाच बटण दाबायची. आधी नाही, नंतर नाही. त्यामुळे तिच्या सगळ्या फोटोंत लोकांची तोंडं उघडी. कोणी हो म्हणतंय, कोणी थांब म्हणतंय, कोणी म्हणतंय दात नाहीत माय मला. एकदा नाशिकहून एक परीक्षक आले होते. त्यांनी सिंधूचा फोटो बघून सांगितलं, "बाई, एक सेकंद थांबत जा. तोंड मिटू द्या, चेहरा स्थिर होऊ द्या." ती म्हणाली, "मंग तो माले काय म्हने ते कथं दिसी?" घरी येऊन मला म्हणाली, "मुका मानूसना फोटो काय काढाना?" आणि पुढच्या रविवारी परत तसंच.

तिचा स्वतःचा चेहरा मात्र ती देत नव्हती. मी विचारलं की म्हणायची, थांबा, पदर नीट करते, आणि आधार कार्डासारखं तोंड करायची. म्हणून मी विचारायचंच सोडलं आणि मागून काढत राहिलो. अलकाच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

भांडणातलं मोठं भांडण एका फोटोचं. फैजपूरकडं केळीच्या बागेत काढलेला. कापणी चालू होती. एक बाई डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर केळीचा घड, दोन्ही हात वर, आणि हसतेय. मागं केळीची पानं फाटलेली, त्यातून उन्हाच्या पट्ट्या तिच्या गालावर. क्लबच्या वार्षिक स्पर्धेत तो पहिला आला. कप मिळाला. फॉर्म मी भरला होता म्हणून नाव माझं. घरी येताच सिंधू म्हणाली, "फोटो मना शे." मी म्हणालो, "अगं, त्या दिवशी रविवार माझा होता. पिशवी तुझ्या खांद्यावर होती, पट्ट्याला केळीचा चीक लागला तो अजून गेला नाही." केळीचा चीक काळा पडतो, कपड्याला लागला की कपडा फाटतो पण डाग जात नाही. तो डाग आजही पट्ट्यावर आहे. ती म्हणाली, "पिशवी मना खांदावर व्हती, पन बाईनं तोंड देखा. उघडं शे का नही? मंग तो कोना फोटो?" तोंड उघडं होतं, हे खरं. मी कधी विचारून काढत नाही, हेही खरं. पण बटण मी दाबलं होतं, बोटाला आठवत होतं मला. ती ऐकेना, मी ऐकेना. कप तिनं स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवला आणि त्यात लसूण भरला. कोणी पाहुणा विचारायचा, कप कशाचा? ती सांगायची, "नाव त्यासनं, फोटो मना, लसून दोन्हीसना." वर्षानुवर्षं हेच. भाजी फोडणीला टाकताना पहिलं ते वाक्य, मग लसूण.

महिना उलटल्यावर देव सर घरी आले. म्हणाले, "आबा, क्लबचा विचार आहे, अक्कांच्या फोटोंचं प्रदर्शन करू. फक्त त्यांचे. वीस-पंचवीस फोटो तुम्ही निवडून द्या. आणि केळीवाली मधोमध लावू, सगळ्यांना तोच आठवतो." मी हो म्हणालो. सर गेले आणि मग मला घाम फुटला. कॅमेरा एक, कार्ड एक, फोटो मिसळलेले. तिच्या नावाखाली माझा एक फोटो गेला असता तर ती मला वरून बोलली असती. आणि तिचा एक राहिला असता, तर तो कायमचा माझा होऊन बसला असता, कारण आता "मना शे" म्हणणारं घरात कोणी नव्हतं. मला त्याचीच भीती होती. भांडायला समोर माणूस असलं की दोघांचं दोघांकडे राहतं. एकटा उरला की सगळं त्याच्याच नावावर चढतं.

अलका आली मदतीला. तिनं कॅमेऱ्याला तेच चार्जर लावलं, त्यातले शेवटचे फोटोही काढून घेतले. धुळ्याच्या गल्लीतले, बॅटरी संपायच्या आधीचे. जात्यावरून हात फिरवणारी शेजारीण, देवीच्या परड्या विकणारा, अलकाची सासू. सगळ्यांची तोंडं उघडी. सासू काय म्हणतेय ते अलकानं सांगितलं, "विहीनबाई, आधी चहा तरी प्या." आम्ही दोघं हसलो, आणि मग कामाला लागलो. तोंड उघडं, सिंधूचा. तोंड मिटलेलं, माझा. झरझर वाटण्या झाल्या. काही ठिकाणी मला ती उत्तरं सुद्धा आठवली. बोदवड स्टेशनवरचा हमाल म्हणत होता, "काढ, पण मालकाले दाखवजो नको." यावलच्या आठवडी बाजारात सातपुड्यातून चारोळ्या घेऊन आलेली म्हातारी म्हणत होती, "माझा फोटो नेऊन तू काय करशील?" सिंधूनं त्या म्हातारीला पुढच्या खेपेला फोटो नेऊन दिला होता. ती प्रत्येकाला द्यायची. आमच्या सगळ्या सहली पहिल्यांदा काढायच्या आणि दुसऱ्यांदा वाटायच्या.

राहिली केळीवाली. अलका म्हणाली, "आबा, तोंड उघडं आहे. द्या आईच्या नावावर आणि मोकळे व्हा." देऊन टाकायला माझं काही जात नव्हतं. पण मेलेल्या माणसाला हरवता येत नाही म्हणून जिंकू द्यायचं, हे सिंधूला चाललं नसतं. आयुष्यभर ती माझ्याशी बरोबरीनं भांडली. आता तिला दान दिल्यासारखा फोटो देऊ? म्हणून मी फैजपूरला गेलो. एकटाच, त्याच बसनं, पिशवी खांद्याला लावून. त्या बाईचं नाव आम्हाला माहीत होतं, अर्थातच. गोदाबाई. तिलाही सिंधूनं फोटो दिला होता. बागवाल्याला विचारत गेलो, तर कळलं ती आता घड वाहत नाही, मान दुखते, घरीच असते. दारात लाकडाच्या चौकटीत तोच फोटो टांगलेला. मला बघून तिनं आधी माझ्या मागं बघितलं. "बाई कुठी हायेत?" मी सांगितलं. ती आत जाऊन पाणी घेऊन आली, वाटीत गूळ ठेवला.

मी म्हणालो, "गोदाबाई, एक विचारायला आलोय. हा फोटो कोणी काढला? मी का बाईनं?" तिला हसू आलं. "म्हंजे तुम्हालेच माहीत नाही?" मी म्हणालो, "आमचं भांडण आहे त्याच्यावर." ती म्हणाली, "आता मले काय ठाऊक आबा, डबडं कोणाच्या हातात व्हतं. बाईनं इचारलं, काढू का. मी म्हटलं, काढ माय, पण लवकर, मान मोडू राह्यली. मी त तिच्याकडे पाहू राह्यली व्हती. तिनं इचारलं त तिच्याकडेच पाहीन ना? तुमच्याकडे कायले पाहू?"

मी उठलो आणि चौकटीतला फोटो जवळून बघितला. इतकी वर्षं बघितला होता, क्लबमध्ये, भिंतीवर, लसणाच्या कपाच्या वर. गोदाबाई कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये. तिचे डोळे थोडे बाजूला गेलेत, डावीकडे. क्लबमध्ये तेव्हा कोणी म्हणालं होतं, नजर चौकटीबाहेर गेल्यामुळं फोटोला खोली आली. खोली कसली... तिथं सिंधू उभी होती. पिशवी खांद्याला, केळीच्या खोडाला टेकून, चीक पट्ट्याला लागत असताना. रविवार माझा, कॅमेरा माझ्या हातात. पण तिला राहवलं नाही. माझ्या बाजूला उभं राहून तिनं विचारलं, आणि उत्तर आलं तसं माझं बोट दाबलं गेलं. ती म्हणत होती ते खरं होतं. मी म्हणत होतो तेही खरं होतं. फक्त दोघांनी एकमेकांचं ऐकलं नव्हतं, म्हणून कप लसणाला गेला. परत येताना बसमध्ये मला एवढंच वाटत होतं, की हे जाऊन तिला सांगावं. ती काय म्हणाली असती तेही माहीत होतं. "म्हंजे मनाच शे."

देव सरांना सांगितलं, केळीवालीखाली एक नाव लागणार नाही. ते म्हणाले, "आबा, आपला नियम एका फोटोला एका नावाचा आहे. आणि प्रदर्शन अक्कांचं आहे." मी म्हणालो, "मग खाली असं लिहा. गोदाबाई, फैजपूर. विचारलं सिंधूनं, दाबलं मी." सर चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, "असं लिहितात का कुठं?" मी म्हणालो, "नसतील लिहीत. तुम्ही लिहा." त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं. अक्षर त्यांचं सुंदर आहे.

दारापाशी हार घालून अक्कांचा फोटो ठेवू, असंही ठरत होतं. मी नको म्हणालो. आधार कार्डातली सिंधू दारात बसवली असती तर आलेला माणूस परत गेला असता. त्याच्याऐवजी मी आमची पिशवी नेली. केळीवालीच्या डाव्या बाजूला, गोदाबाईची नजर जिथं जाते तिथं, खिळा ठोकून अडकवली. चिकाचा डाग पुढं येईल अशी. लोक आले. चित्रकलेच्या त्या वर्गात चारही भिंतींवर माणसं तोंड उघडून बोलत होती. भंगारवाला, हमाल, चारोळीवाली, देवीच्या परड्या विकणारा. प्रत्येक फोटोखाली नाव. डॉक्टर सगळे फोटो बघून माझ्याजवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, "आबा, हे सगळे तिच्याशीच बोलतायत." मी म्हणालो, "मग काय तुमच्याशी? तुमच्याशी फक्त सखाराम बोलतो." ते हसले, आणि मग तोंड फिरवून खिडकीपाशी गेले. गोदाबाई आली होती नातवाबरोबर, नवं लुगडं नेसून. स्वतःच्या फोटोसमोर उभी राहिली, मग पिशवीकडे बघितलं, आणि पट्ट्यावरून एकदा हात फिरवला. म्हणाली, "चीक काही गेला नाही."

आता फोटो घरी आलेत. केळीवाली स्वयंपाकघरात, कपाच्या वर. कपात लसूण आहे, मी बाजारातून आणतो आणि पहिला त्याच्यात टाकतो. पिशवी शेजारच्या खुंटीवर, डावीकडं. चार्जर आता पिशवीतच असतं, ते परत राहायला नको. दर शनिवारी मी बॅटरी भरून ठेवतो. रविवारी सकाळी पिशवीत कॅमेरा, पाण्याची बाटली, छत्री, फडकं. दशम्या मला जमत नाहीत, मी बिस्किटं घेतो. आणि निघतो, कधी बाजारात, कधी स्टँडवर, कधी नुसता मेहरुणच्या तलावापर्यंत. देव सर म्हणतात, आबा, तुम्ही जाता तर दर रविवारी, मग क्लबात नवे फोटो का दाखवत नाही? त्यांना काय सांगू. परवा रस्त्यात तो जुना भंगारवाला भेटला, पहिल्या फोटोतला. केस पांढरे झालेत आता. त्यानं पिशवी ओळखली. गाडी थांबवून म्हणाला, "आबा, काढा ना आज एखादा. माय नेहमी काढायची." असा उभा राहिला, तोंड उघडं ठेवून, काहीतरी बोलायच्या बेतात. उजेडही चांगला होता.

मी म्हणालो, "कॅमेरा आहे बाबा. पण कानबाईचा तो रविवार तिच्या वाटचा होता, आणि तो तिनं अजून वापरला नाही. माझा त्याच्यानंतर."

तो म्हणाला, "बरं," आणि गाडी ढकलत पुढं गेला. मी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.